अर्धांगवायूच्या निदानाची कथा

अंगावरून वारे जाणे हा वाक्प्रचार आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी उच्चारला गेलेला आहे. काल संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून सुपारी कातरणारा माणूस सकाळी उठतो तो एक हात लुळा पडलेला, तोंड वाकडे झालेले, शब्द बोबडे. आणि शेजारीपाजारी हलक्या आवाजात म्हणतात, ‘त्यांच्या अंगावरून वारे गेले.’ या एवढ्याशा वाक्यात आपल्या जुन्या वैद्यकाचे निदान साठवलेले आहे. शरीरातील वायू प्रकोप पावला, त्याने देहाची एक बाजू धरली, म्हणून तो अर्धांगवायू. ग्रीक वैद्यांनी याच प्रकाराला जे नाव दिले त्याचा अर्थ प्रहाराने खाली पाडणे असा आहे. इंग्रजांचा ‘स्ट्रोक’ त्याच अर्थाचा, आणि आपल्या ‘पक्षाघात’ या शब्दातही आघात आहेच. घाव बसला हे सर्वांनाच दिसले होते. तो कोठे बसला आणि कशाने बसला, हे मात्र दोन हजार वर्षे कोणाला पाहता आले नाही. आज मला सांगावयाची आहे ती या पाहण्याची हकीकत.

श्रोतेहो, मी वैद्यकाचा माणूस नव्हे. इतिहास शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा औषध कोणते घ्यावे असे व्याख्यानानंतर मला कोणी विचारू नये. या विषयाकडे मी का वळलो ते ओघाने येईलच.

आपल्या पूर्वजांच्या निरीक्षणाला मात्र नावे ठेवण्यास जागा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींवर जो अध्याय आहे, त्यात तोंड वाकडे करणारा अर्दित, एकच हात किंवा पाय धरणारा एकांगरोग आणि अर्धे अंग नेणारा पक्षवध असे भेद केलेले आहेत. सुश्रुताने तर कोणता पक्षाघात सुधारेल आणि कोणता सुधारणार नाही याचाही विचार केला. केवळ वायूने झालेला सुधारावयास अतिशय कठीण, दुसऱ्या दोषाची जोड असेल तर साध्य, आणि धातुक्षयामुळे झालेला असाध्य, असा त्याचा निवाडा आहे. तिकडे हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतील वैद्यांना डोक्याच्या एका बाजूस जखम झाली की आचके दुसऱ्या बाजूस येतात, हे ठाऊक होते; आणि कॅपॅडोशियाचा ॲरिटियस याने त्याचे कारणही सुचविले, की मेंदूतून निघणाऱ्या नसा वाटेत एकमेकींना ओलांडून जातात. बाहेरून जे दिसते ते या मंडळींनी चोख टिपले. पुढे भिंत होती, आणि ती कवटीची होती.

ती भिंत फोडून आत पाहावे असे कोणाला वाटले नाही काय? सुश्रुताने शरीर पाहण्याची रीत सांगितली आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवावे आणि मग कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर पाहावा, अशी ती रीत. तिने त्वचा, स्नायू, अस्थी दिसतील. पण मेंदू हा लोण्यासारखा मऊ पदार्थ. सात दिवस पाण्यात राहिल्यावर त्याच्याकडून काही शिकण्याजोगे उरावयाचे नाही. ग्रीकांचा वारसा चालविणाऱ्या गेलनने तर्काने असे ठरविले की, मेंदूतल्या पोकळ्यांत दाट कफ साचतो आणि चैतन्याची वाट अडवितो. त्याचा शब्द युरोपात तेराचौदा शतके प्रमाण मानला गेला. वायू काय किंवा कफ काय, दोन्ही न पाहिलेल्या गोष्टीची नावे होती.

ही स्थिती पालटली ती स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन या गावी. योहान याकोब वेप्फर हा तेथील नगरवैद्य. इस्पितळात मरण पावलेल्या माणसांची शरीरे उघडून पाहण्याची परवानगी त्याने नगरसभेकडून मिळविली होती. त्या काळी ही परवानगी मिळणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला सहज येणार नाही. आपल्याकडे आजही शवविच्छेदन म्हटले की नातलगांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. हार्वीने १६२८ साली रक्त शरीरभर फिरते हे सिद्ध केलेले होते. ते मनात ठेवून वेप्फरने पक्षाघाताने गेलेल्यांच्या कवट्या उघडल्या. १६५८ साली त्याने जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात असे चार रोगी आहेत. कफ कोठेच नव्हता. होते ते रक्त, वाहिनीतून बाहेर पडून मेंदूत साचलेले. वेप्फर तेवढ्यावर थांबला नाही. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्याने नीट शोधून काढल्या आणि लिहिले की, रक्त बाहेर सांडल्याने जसा हा रोग होतो तसाच वाट बंद होऊन रक्त न पोहोचल्यानेही तो होऊ शकेल.

या ठिकाणी मी क्षणभर थांबतो, कारण पुढची सर्व कथा या एका वाक्याभोवती फिरते. मेंदूवरचे हे संकट दोन प्रकारांनी येते: एक तर वाहिनी फुटते, नाहीतर ती तुंबते. तुंबण्याचे प्रमाण पुष्कळ अधिक. शेतीत वावरणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको. पाट फुटला तरी पीक जाते आणि पाटात गाळ बसला तरी पीक जाते. बांधावरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा दिसते ते वाळलेले पीकच. पण एकाला बांध घालावा लागतो आणि दुसऱ्याला गाळ काढावा लागतो. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर सत्यानाश! वेप्फरला भेद कळला होता, परंतु तो कळण्यासाठी रोगी मरावा लागत होता.

वेप्फरनंतर सहा वर्षांनी, १६६४ साली, इंग्लंडमध्ये टॉमस विलिसचा मेंदूवरील ग्रंथ निघाला. त्यातील चित्रे काढण्यास हात लागला तो ख्रिस्तोफर रेन याचा; पुढे लंडनचे सेंट पॉल मंदिर बांधणारा स्थापत्यकार तो हाच. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक कडे आहे आणि एक वाट बंद झाली तर या कड्यातून दुसऱ्या वाटेने रक्त येऊ शकते, हे विलिसने दाखविले. त्याच्या हाती एक विलक्षण देह आला होता. मानेतील एक मुख्य रोहिणी पूर्ण बंद, आणि तरी त्या माणसाला जन्मात पक्षाघात झाला नव्हता. त्याच बाजूची मागची वाहिनी फुगून मोठी झाली होती. एखाद्याची वाहिनी बंद असूनही तो सुखाने फिरतो आणि दुसऱ्याचे अंग एका रात्रीत जाते, याचा उलगडा येथे आहे.

इटलीतील मॉर्गान्यीने वयाच्या ७९व्या वर्षी, १७६१ साली, सुमारे सातशे शवविच्छेदनांचा आपला महाग्रंथ छापला आणि घाव मेंदूच्या उलट बाजूस असतो हे देहागणिक दाखवून दिले. १८२० साली पॅरिसच्या रोस्तांने मऊ पडलेल्या मेंदूचे वर्णन केले. हा दाह आहे, असे बरेच दिवस पुष्कळांना वाटत होते. १८४६च्या पुढे जर्मनीत फिरखोने रक्ताची गुठळी वाहिनीत कशी धरते आणि सुटून वाहत जाऊन दुसरीकडे कशी अडकते ते दाखविले, तेव्हा त्या मऊपणाचा अर्थ लागला. तो मेंदूचा उपाशी मेलेला भाग होता. शवागारातले ज्ञान येथे बहुतेक पूर्ण झाले.

पण खाटेवरच्या रोग्याचे काय? १९ ऑक्टोबर १८६८ रोजी लुई पाश्चरला पॅरिसमध्ये हा विकार जडला. वय अवघे ४५. डावे अंग गेले. फ्रान्सच्या नामांकित वैद्यांनी त्याच्यावर उपचार काय केले म्हणता? कानामागे जळवा लावल्या. पाश्चरने आठवड्याच्या आतच पडल्यापडल्या रेशमाच्या किड्यांवरचे टिपण सांगून लिहवून घेतले, आणि ते अंग घेऊनच तो आणखी २७ वर्षे जगला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस ही त्यानंतरची. आता पुढे पाहा. १ मार्च १९५३ रोजी मॉस्कोजवळच्या आपल्या बंगल्यात स्टालिन जमिनीवर पडला. दिवसभर खोलीत हालचाल नव्हती, परंतु आत जाऊन पाहण्याचे पहारेकऱ्यांना धैर्य होईना. रात्री उशिरा ते आत गेले; डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. अर्ध्या जगाला धाक घालणाऱ्या माणसाजवळ या कामासाठी धीट असा एक माणूस नव्हता. डॉक्टरांनी काय केले? जळवा लावल्या. ५ मार्चला तो वारला. मेंदूच्या डाव्या बाजूस रक्तस्राव, हे त्यांचे निदान बरोबर होते, पण त्याची खात्री पटली ती कवटी उघडल्यावरच. मधल्या पंचाऐंशी वर्षांत विमान उडाले, अणू फुटला, आणि पक्षाघात झालेल्याच्या उशाशी जळवा होत्या तेथेच होत्या.

असे म्हणताना थोडा अन्याय होतो, हे मला मान्य आहे. १८९६ साली बाबिन्स्कीने तळपायाला खरवडून अंगठा वर जातो की खाली एवढ्यावरून मेंदूकडून येणारी वाट दुखावली आहे काय ते ओळखण्याची खूण दिली. तिला पैचा खर्च नाही. त्याच साली इटलीत रिव्हा-रोच्चीने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन केले, आणि १९०५ साली कोरोटकॉफने त्याला नळीने ऐकण्याची जोड दिली. तथापि मोजणे आणि समजणे या दोन गोष्टी आहेत. अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट याचा रक्तदाब १९४४च्या मार्चमध्ये १८६ व १०८ असा नोंदलेला आहे. त्या काळच्या कित्येक डॉक्टरांचा समज असा की, कडक झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलण्यासाठी हा दाब शरीराला हवाच असतो. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके भयंकर दुखते असे सांगून तो कोसळला. तेव्हा पारा ३००च्या घरात होता. आज गावोगावच्या आरोग्य केंद्रात ज्या गोळ्या मिळतात त्यांतली एकही त्या वेळी जगाच्या पाठीवर नव्हती.

फुटले की तुंबले, हे ओळखण्यासाठी त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत ठोकळे नियम असत. काम करताना, रागाच्या भरात कोसळला, डोके दुखले, उलटी झाली, शुद्ध गेली, तर रक्तस्राव. झोपेतून उठताना हात लुळा आढळला तर गुठळी. हृदयाचा विकार असून क्षणात झाले तर वाहत आलेली गुठळी. नियम वाईट नव्हते, पण दगा देत. लहानसा रक्तस्राव हुबेहूब गुठळीचे सोंग घेतो. क्विंकेने १८९१ साली पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची पद्धत आणली, त्यात रक्त दिसले तर निर्णय व्हावा. पण रक्त मेंदूतच कोंडून राहिले तर पाणी स्वच्छ येते. लिस्बनच्या एगास मोनिझने १९२७ साली मानेतील रोहिणीत औषध घालून क्ष-किरणांखाली मेंदूतील वाहिन्यांचे चित्र मिळविले. आधीच्या प्रयोगांत एक रोगी दगावला होता, आणि पुढेही अनेक वर्षे ही तपासणी जोखमीचीच राहिली.

या काळातला मला सर्वांत आवडणारा माणूस मिलर फिशर हा कॅनडाचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात नौदलात असता त्याचे जहाज बुडाले आणि तीन वर्षांहून अधिक काळ तो जर्मनांचा युद्धकैदी होता. परत आल्यावर माँट्रियलमध्ये त्याने एका अर्धांगवायूच्या रोग्याला जवळ बसून सगळी हकीकत विचारली. रोगी म्हणाला, अंग जाण्यापूर्वी काही वेळा माझ्या एका डोळ्यापुढे अंधारी आली होती. अंग गेले त्या बाजूचा डोळा असेल, असे फिशरला वाटले. रोगी ठासून म्हणाला, नाही, दुसऱ्या बाजूचा. घाईतला डॉक्टर ‘याला नीट आठवत नाही’ असे मनाशी म्हणून पुढच्या खाटेकडे गेला असता. फिशरने रोग्यावर विश्वास ठेवला. मेंदूची उजवी बाजू डावे अंग चालविते, पण उजवा डोळा आणि उजवा मेंदू यांना रक्त पुरविणारी रोहिणी एकच, मानेतली. मग गुठळीचे मूळ डोक्यात नसून मानेत असेल काय? शवविच्छेदनात मान सहसा उघडली जात नसे. हंट नावाच्या अमेरिकन वैद्याने १९१४ सालीच ती पाहत जा असे बजावले होते, पण कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. फिशरने ती पाहिली आणि १९५१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. डोळ्यापुढची क्षणभराची अंधारी, दहा मिनिटे जड झालेला हात, हे येणाऱ्या संकटाचे आगाऊ सांगणे असते, हे त्याने ठसविले. तीन वर्षांच्या आत लंडनच्या शस्त्रवैद्यांनी मानेतील रोहिणीचा अरुंद भाग काढून ती पुन्हा जोडली आणि अशी आगाऊ सूचना मिळालेल्या एका बाईला वाचविले.

कवटी न उघडता आत पाहण्याचे साधन आले ते मात्र वैद्यकाबाहेरून. आपल्या घरांतून नाट्यसंगीताच्या ज्या तबकड्या वाजत, कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या, त्या छापाची मालक ईएमआय ही कंपनी. तिच्या नोकरीत गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचा अभियंता होता. विद्यापीठाची पदवी नसलेला, एकमार्गी, अविवाहित. एका पेटीभोवती फिरून निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण सोडले, आणि पलीकडे किती पोहोचले ते मोजून गणित केले, तर पेटी न उघडता आतले सांगता येईल, असे त्याच्या मनाने १९६७ साली घेतले. पहिल्या यंत्राला एक वस्तू तपासावयास नऊ दिवस लागत. खाटकाकडून बैलाचे मेंदू आणून त्याने प्रयोग केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले इस्पितळात एका बाईचा मेंदू या यंत्राने तपासला गेला आणि आतली गाठ पडद्यावर दिसली. हाच आपला सीटी स्कॅन. १९७९ साली हाउन्सफील्डला कॉर्मॅकबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. सांडलेले ताजे रक्त या चित्रात पांढरेशुभ्र उमटते. वेप्फरने ज्यासाठी करवत घेतली, ते आता जिवंत माणसाच्या केसालाही धक्का न लागता काही मिनिटांत कळू लागले.

तरीही पुढली चोवीस वर्षे या ज्ञानाचा गुठळीच्या रोग्याला बेताचाच उपयोग झाला, कारण कळून करावयाचे काय? १९९५ साली अमेरिकेत ६२४ रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिले तर तीन महिन्यांनी जवळजवळ धड राहण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी वाढते, असे दिसले. त्याच औषधाने शंभरातल्या सहा जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, हेही सांगितले पाहिजे. मग ज्याचे मूळचेच रक्तस्रावाचे, त्याला ते दिले तर काय होईल? फुटले की तुंबले, हा तीनशे वर्षांचा पंडिती प्रश्न एका रात्रीत जिवाचा प्रश्न झाला. पुढे २००८ साली मुदत साडेचार तासांवर गेली, आणि २०१५च्या सुमारास मांडीतून नळी घालून मोठी गुठळी ओढून काढण्याची क्रिया सिद्ध झाली. ती निवडक रोग्यांत चोवीस तासांपर्यंतही करता येते, असे २०१८ सालापर्यंत दिसून आले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण तिच्याविषयी सुशिक्षितांतही गैरसमज आहे. वाहिनी तुंबली असेल तर पहिल्या तासा-दोन तासांत काढलेला सीटी स्कॅन बहुधा कोराच दिसतो. घरची माणसे म्हणतात, ‘फोटोत काही नाही, देव पावला!’ वस्तुतः फोटोत काही नाही याचा अर्थ एवढाच की रक्त सांडलेले नाही. बाकीचे निदान आजही डॉक्टर करतो ते चरकाच्या आणि हिप्पोक्रॅटिसच्या रीतीने: तोंड वाकडे आहे काय, दोन्ही हात पुढे धरले असता एक खाली येतो काय, बोलणे फिरते काय. शिवाय बोटाला टोचून साखर पाहतो, कारण साखर उतरलेला माणूसही असेच सोंग आणतो. आणि मग तो एक प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर कोणत्याही यंत्राजवळ नाही: ‘यांना धडधाकट असे शेवटचे कोणी पाहिले, आणि किती वाजता?’

हा प्रश्न मला विचारला गेला आहे. माझ्या लहानपणी, १९६६ साली, आमच्या काकांच्या अंगावरून वारे गेले तेव्हा तो कोणी विचारला नाही. विचारण्याला अर्थही नव्हता. कोणी कबुतराचे रक्त चोळावयास सांगितले, कोणी तेल कढवून आणले, तालुक्याचे डॉक्टर संध्याकाळी आले, त्यांनी पापणी उघडून पाहिली आणि काकूला म्हणाले, ‘वाट पाहू या.’ ते खोटे बोलले नाहीत. परंतु काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू सकाळी चहाला बसले असता त्यांच्या डाव्या हातातून बशी सुटली, तेव्हा काळ बदललेला होता. शहरात राहत होतो, इस्पितळ अर्ध्या तासावर होते. दादा म्हणाले, हात जरा बधिर वाटतो. आणि मी, इतिहासाचा प्राध्यापक, म्हणालो, ‘झोपेत अंगाखाली आला असेल, चोळा जरा.’ वहिनीने हात चोळला. साडेनऊला दादांचे बोलणे अडखळू लागले तेव्हा आम्ही निघालो.

तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न विचारला. मी म्हणालो, सकाळी सातला बशी पडली. त्या म्हणाल्या, ‘सातला तर हात बधिरच होता ना, काका? त्याआधी?’ त्याआधी दादा झोपलेले. उठताना हात कसा होता हे त्यांना सांगता येईना. वहिनी म्हणाल्या, रात्री दहाला त्यांनी स्वतः दाराची कडी लावली, वरची कडी, डाव्या हाताने. मग घड्याळ सातपासून नव्हे, रात्री दहापासून मोजले गेले. आतील पाणी कोठे अडले आहे ते पाहणारे एमआरआय यंत्र अशा झोपेत घडलेल्या घटनेचे वय पुष्कळदा सांगू शकते, हे २०१८ साली सिद्ध झाले आहे. ते काढले, आणि त्यात दिसले की घाव आता ताजा राहिलेला नाही. औषध दिले नाही. आता दादा काठी घेऊन चालतात, वर्तमानपत्र उजव्या हाताने उलटतात, आणि दाराची वरची कडी वहिनी लावतात.